मन थाऱ्यावर नसताना वाद्यं सांभाळताय? एवढं करा

नातं तुटल्यानंतरच्या दिवसांत एकदम चार नवी वाद्यं घ्यावीशी वाटतात. नका घेऊ. आहे त्यातलं एकच निवडा आणि रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं वाजवा. रडू आलं तरी वाजवा.

बाकीच्यांची निगा राखा. हात गुंतले की डोकंही जरा निवतं.

- गिटारच्या गंजलेल्या तारा बदला. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी.
- व्हायोलिनच्या तारा एकेक करूनच बदला. नवखे चारही एकदम काढतात, मग आतली आधाराची लाकडी दांडी पडू शकते.
- हार्मोनियमचा भाता बंद करून ठेवा.

तुम्हा दोघांची गाणी सध्या बाजूला राहू द्या. आणि रागाच्या भरात त्या व्यक्तीनं दिलेलं वाद्य विकू नका. काही महिने केसमध्ये ठेवा, मग ठरवा.