शाळा सोडू पाहणारा मुलगा आणि तेरेझिनचे वर्ग

‘मुलगा दहावीत आहे आणि शाळा सोडतो म्हणतो, जबरदस्ती करावी, की त्याच्या मनासारखे होऊ द्यावे?’ सहामाहीचे गुण हाती पडले आणि बोर्डाचा अर्ज भरायची वेळ आली, की पालक हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांतल्या एका मुलाविषयी, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून आणि त्याच्या आईच्या संमतीने, लिहीत आहे.

मुलाला गॅरेजमध्ये कामाला जायचे होते. कारण विचारल्यावर तो म्हणाला, “आमची शाळा म्हणजे छळछावणी आहे, मॅडम. तिथे माणसांना नंबर असायचे ना, तसा मीपण बेचाळीस नंबर.” “काहीतरीच काय बोलतोस रे!” म्हणून आई ओशाळली. त्याने आउश्वित्झ या नाझींच्या छळछावणीवरचा एक व्हिडिओ पाहिला होता. नापास झालेल्यांना वर्गात हजेरी क्रमांकाने उभे करून त्यांचे गुण मोठ्याने वाचले जात, हे पुढच्या बोलण्यातून कळले. तुलना अतिरेकी होती, पण अपमान खरा होता. म्हणून ती झटकून न टाकता तिच्याविषयीच बोलायचे मी ठरवले.

आउश्वित्झमध्ये कामासाठी निवडलेल्या ज्यू कैद्यांचे केस भादरले जात, अंगावरचे कपडे काढून घेतले जात आणि बहुतेकांच्या डाव्या हातावर क्रमांक गोंदला जाई. त्यानंतर हजेरीला नाव नव्हे, तो क्रमांक पुकारला जाई. समोरचा माणूस वाटेनासा झाला, की त्याला उपाशी ठेवणे आणि मारणे पहारेकऱ्याला सोपे जाते. याची सुरुवात छावणीच्या कितीतरी आधी झाली होती. १९३३ मध्ये कायद्याने जर्मन शाळांतील ज्यू मुलांच्या प्रवेशावर मर्यादा आली, नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांना सरकारी शाळांतून काढून टाकण्यात आले आणि १९४२ च्या उन्हाळ्यात उरल्यासुरल्या ज्यू शाळाही बंद झाल्या. मुलगा हे ऐकून चकित झाला. नाझींनी ज्यू मुलांना शाळेत डांबले नव्हते, शाळेतून हाकलले होते, हे त्याच्या व्हिडिओत नव्हते.

मग मी त्याला तेरेझिनविषयी सांगितले. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या या वस्तीवजा छावणीत मुलांना रीतसर शिकवण्यावर बंदी होती, तरी कैदेतलीच मोठी माणसे माळ्यांवर आणि खोल्यांत चोरून धडे घेत. एक जण पाळत ठेवी आणि कुणी येताना दिसले, की वह्या लपवून मुले गाणी म्हणू लागत, कारण गाण्याला मनाई नव्हती. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवी आणि चित्रावर स्वतःचे नाव लिहायला लावी. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. चित्रे काढणारी बहुतेक मुलेही वाचली नाहीत. त्यांची सुमारे ४,५०० चित्रे मात्र दोन सुटकेसमध्ये लपवलेली राहिली आणि आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

“त्यांना परीक्षा होती का?” त्याने विचारले. परीक्षाही नव्हती आणि दाखलाही नव्हता. यावर तो बराच वेळ बोलला नाही, आणि मीही तात्पर्य काढून दिले नाही. तेरेझिनच्या मुलांचा दाखला देऊन कुणाला बोर्डाच्या परीक्षेला बसवणे मला त्यांच्या मरणाचा वापर केल्यासारखे वाटते.

दहावीविषयी आम्ही वेगळे, रोखठोक बोललो. ज्या गॅरेजकामाची त्याला ओढ होती, त्यातल्या मोटार मेकॅनिकच्या आयटीआय प्रवेशाला दहावी उत्तीर्ण असावे लागते. फिटर आणि इलेक्ट्रिशियनचेही तसेच. एखादा विषय राहिलाच, तर पुरवणी परीक्षा असते, आणि शाळा खरोखरच सुटली, तर पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. पण हातात असलेली शाळा सोडून त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे असते, की ‘शिकला नाहीस तर खाशील काय’ हे ऐकवण्यापूर्वी मुलाला वर्गात काय सोसावे लागते, ते विचारा. पुष्कळ मुलांना शिकणे नकोसे झालेले नसते, अपमान नकोसा झालेला असतो. आणि त्याचा बंदोबस्त मोठ्यांनीच करायचा असतो. या मुलाची आई माझ्यासोबत वर्गशिक्षकांना भेटली. गुणांत सवलत न मागता त्याला नावाने हाक मारावी आणि गुण खासगीत सांगावेत, एवढेच तिने मागितले. एवढ्या मोठ्या वर्गात हे जमत नाही, असे आधी उत्तर आले. दुसऱ्या भेटीत त्यांनी ते मान्य केले. अर्ज भरला गेला आहे. गणित अजून कच्चेच आहे, त्यासाठी शेजारची कॉलेजात शिकणारी ताई संध्याकाळी त्याला बसवते, आणि गॅरेजमध्ये तो फक्त रविवारी जातो.