‘भांडवलशाही’ आणि ‘समाजवाद’: जोडी का जुळत नाही?

प्रश्न असा आहे: हिंदीत ‘पूंजीवाद’ आणि ‘समाजवाद’ अशी सरळ जोडी आहे, मराठीत मात्र ‘भांडवलशाही’. या ‘शाही’मुळे शब्दालाच शिवी चिकटते का? ‘भांडवलवाद’ म्हणावं का?

शिवी चिकटत नाही. आदिलशाही, निजामशाही या राजवटींच्या नावांतली फारसी ‘शाही’ पुढे मराठीने हवी तिथे जोडली. त्यातून नोकरशाही, झुंडशाही, घराणेशाही झाली, तशी लोकशाहीही झाली. चांगलं की वाईट हे प्रत्यय ठरवत नाही; वर्चस्व कोणाचं, एवढंच सांगतो.

खरी गोम पुढे आहे. ‘शाही’ चालू कारभाराला लागते, ‘वाद’ विचाराला. म्हणून चर्चेत एकीकडे टाळेबंदी, मक्तेदारी, दिवाळखोरी असा रोजचा हिशेब येतो आणि दुसरीकडे समतेचं स्वप्न. बाजारवालेही कमी नाहीत. ते सोव्हिएत दुकानांपुढच्या रांगा दाखवतात आणि स्वतःच्या बाजूने पुस्तकातला निर्दोष बाजार मांडतात. तेव्हा ‘समाजवादा’समोर ‘खुल्या बाजाराचा विचार’ ठेवा, आणि ‘भांडवलशाही’समोर ‘समाजवादी राजवट’.

‘भांडवलवाद’ चूक नाही, रुळलेला नाही इतकंच. माणसाबद्दल लिहिताना मात्र जपा. ज्याचं भांडवल धंद्यात आहे तो भांडवलदार. बाजाराची बाजू घेणारा पगारदार हा ‘भांडवलशाहीचा पुरस्कर्ता’, आणि ‘तो भांडवलशाही आहे’ हे तर मराठीच नव्हे.

‘समाजवादी’ जास्त गुंत्याचा. महाराष्ट्रात तो शब्द आधी एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे यांच्या परंपरेला लागतो: लोकशाही मानणारे, विचाराने कम्युनिस्टांपासून वेगळे राहिलेले. त्यांना ‘साम्यवादी’ म्हणणं सरळ चूक.

दुसरा अर्थ राज्यघटनेतला. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेचे सभासद के. टी. शहांनी सभेत घटनेच्या मसुद्यात ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळ-वेळ पाहून ठरवायचं, ती घटनेत बांधून टाकली तर लोकशाहीच मोडते, असा त्यांचा मुद्दा. शिवाय घटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे सरकारने धोरण आखताना पाळायच्या तत्त्वांत, तो आशय आलेलाच आहे, असंही ते म्हणाले. गंमत म्हणजे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या स्वतःच्या १९४७ च्या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती सरकारी मालकीची असावी आणि ते घटनेतच लिहावं, असं त्यांनीच सुचवलं होतं! आंबेडकरांचं एकच वाक्य घेऊन वाद जिंकू पाहणाऱ्यांनी दोन्ही वाचावीत.

‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत, म्हणजे घटनेच्या प्रास्ताविकात, आला तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीत. मधु लिमयांसारखे हाडाचे समाजवादी तेव्हा तुरुंगात होते. समाजवाद आला म्हणजे समाज मुक्त झाला, असं मानणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसं आहे. (बाजार खुला म्हणजे समाज खुला, हेही तितकंच कच्चं: हुकूमशहा पिनोशेच्या चिलीत बाजार खुला होता, निवडणुका नव्हत्या.)

तिसरा अर्थ कागदोपत्री. १९८९ पासून नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादावरची निष्ठा लिहून द्यावी लागते, मग तो पक्ष खुल्या बाजाराचा का असेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्देशिकेतल्या या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा घेतला आणि खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही असं सांगितलं. त्यामुळे कोणी ‘आपली घटना समाजवादी आहे’ म्हणालं, तर तीनपैकी कोणता अर्थ ते आधी विचारा.