चित्रांत कापूस नव्हता

"मॅडम, याला इंजेक्शन द्यायचं म्हणजे चौघांनी धरावं लागतं. या वेळचं राहू दिलं तर चालेल का?" ईशानची आई (नाव बदललं आहे) बसायच्या आधीच म्हणाली. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न मला सतत येतो. ईशान दहा वर्षांचा. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचा डोस असतो. तो टाळू नका, एवढं मी लगेच सांगितलं. चौघांचं काय करायचं, ते बघू म्हटलं.

आजीचं दुखणं वेगळंच होतं. दीड वर्षाच्या इंजेक्शननंतरच पोर गप्प झालं, यावर त्या ठाम. त्यांच्याशी वाद घातला नाही. ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या डोळ्यांत भरायला लागतात तेही साधारण याच वयात, हे सांगितलं. १९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांच्या गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवरच्या ज्या निबंधामुळे ही भीती जगभर पसरली, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या. ही लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण जास्त आढळलं नाही. आजींनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, कोण जाणे.

मग आई हळूच म्हणाली, "मागच्या वेळी आम्ही त्याला बागेत जाऊ म्हणून दवाखान्यात नेलं होतं." पाच वर्षं झाली त्याला. अजूनही चौकात स्कूटर डावीकडे वळली की ईशान किंचाळतो, म्हणून भाजीलासुद्धा ती लांबून वळसा घालून जाते. सुई तो कदाचित विसरलाही असेल. थाप विसरला नव्हता.

म्हणून पहिला नियम ठरवला: खोटं बोलायचं नाही. "काही दुखणार नाही" हेसुद्धा नाही. "चिमटा बसल्यासारखं होईल, पाचपर्यंत मोजायचं, मग संपलं." दवाखान्यात जाऊन मी फोटो काढले आणि पट्टी बनवली: जिना, बाक, सिस्टर, बाही वर, सुई, घर. बाबांच्या मांडीवर सरळ बसायचं, बाबांनी समोरून घट्ट मिठी मारायची, एवढंच धरणं. आडवं पाडून दाबलं की कुठलंही मूल घाबरेल. दहा दिवस घरी रोज तालीम झाली. त्वचा बधिर करणारं क्रीम डॉक्टरांनी सुचवलं होतं; पुष्कळ मुलांना त्याचा फायदा होतो, पण तासभर आधी लावून ठेवावं लागतं आणि ईशानला तो चिकटपणा पाच मिनिटंही सोसेना. सोडून दिलं.

ठरल्या दिवशी तो शहाण्यासारखा बसला. बाही वर केली. सिस्टरनी स्पिरिटचा कापूस दंडाला लावला मात्र, ईशान किंचाळत थेट जिन्याखाली. तो थंडगार ओला स्पर्श, तो वास, यातलं काहीच माझ्या चित्रांत नव्हतं. चूक माझी होती. त्या दिवशी आम्ही परत आलो, जबरदस्ती केली नाही.

पुढचे आठ दिवस कापूस. आधी कोरडा, मग पाण्यात भिजवलेला, मग स्पिरिटचा, आधी आईच्या दंडाला आणि मग त्याच्या. पट्टीत सातवा फोटो आला. डॉक्टरांनी शेवटचा नंबर दिला, म्हणजे दुसऱ्या मुलांची रडारड कानावर येणार नाही. नंबर येईपर्यंत बापलेक खाली स्कूटरवरच बसून होते.

या वेळी कापसाला त्याने डोळे घट्ट मिटले आणि मोजायला लागला. तिनाला सुई बाहेर आली होती, पण त्याने पाचपर्यंत मोजूनच डोळे उघडले. सिस्टर कौतुकाने छोटी गोल चिकटपट्टी लावायला पुढे झाल्या, तर त्याने हात मागे घेतला आणि सातही फोटोंवरून बोट फिरवून दाखवलं.

"हे नाही," तो म्हणाला.