३०० वॅटचा पॉवर सप्लाय जळाला. त्याच्या जागी ५५० वॅटचा बसवला तर कॉम्प्युटर खराब होईल का?

नाही, जास्त वॅटमुळे काहीही खराब होत नाही; ५५० वॅटचा खुशाल बसवा. वॅटचा आकडा ही सप्लायची कमाल क्षमता असते. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड लागेल तेवढीच वीज खेचतात, आणि १२, ५ व ३.३ हे व्होल्टेज दोन्ही सप्लायमध्ये तेच असतात. एकूण आकड्यापेक्षा लेबलवरची १२ व्होल्टची ओळ नीट वाचा. तिथे ४० अँपिअर असेल तर ४८० वॅट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या कामी येतात. फुगवून छापलेला आकडा बहुतेक वेळा याच ओळीत उघडा पडतो.

घेण्याआधी जुना सप्लाय काढून समोर ठेवा आणि पाहा:

- आकार: एटीएक्स की लहान एसएफएक्स
- कनेक्टर: मदरबोर्डचा २४ पिन, प्रोसेसरचा ४ की ८ पिन, ग्राफिक्स कार्ड असल्यास त्याचा ६ किंवा ८ पिन

जुना सप्लाय मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा असेल तर त्याच्या केबल नव्याला अजिबात लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना मॉडेलनुसारही बदलते, आणि चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जळते. हे फार कळकळीने सांगतोय, कारण केबल बसते तेव्हा सगळं ठीकच वाटतं.

मात्र कंपनीने जुळवून दिलेला तयार डेस्कटॉप असेल तर वरचं सगळं लागू होईलच असं नाही. त्यात बऱ्याचदा २४ पिनऐवजी वेगळाच कनेक्टर असतो. तिथे जुन्या सप्लायवरचा पार्ट नंबर पाहून तोच मागवा.