कोड म्हणजे कुष्ठ का?

हिंगणघाट तालुक्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे. त्यांच्या गावातल्या एका पोरीच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग दिसू लागला. आजी म्हणाली, "तिले कोड झाला वाटते." पोरीची मामी छिंदवाड्याकडची, घरात हिंदी बोलणारी. तिनं "कोढ़" ऐकलं आणि पोरीचं ताट-वाटी वेगळं करायला लावलं. थोरल्या भावानं मोबाइलवर शोधलं तर तिथे "श्वेतकुष्ठ" निघालं, म्हणजे मामीचंच खरं ठरलं. ताईंचे प्रश्न असे: कोड आणि कुष्ठ हा एकच शब्द आहे का? एकच असेल तर रोगही एकच का नाही? दाराशी बांधलेल्या नागपुरी म्हशीच्या कपाळावर पांढरं असतं, त्यालाही कोडच म्हणायचं का? आणि शेवटी, "कोड झाला" म्हणायचं की "कोड झालं"?

पहिल्याचं उत्तर: हो, शब्द एकच. संस्कृत कुष्ठ, प्राकृतात कुट्ठ आणि कोढ, तिथून हिंदीत कोढ़, गुजरातीत कोढ आणि आपल्याकडे कोड. शेवटच्या ढ मधला हकार मराठीनं सोडला. ही तिची जुनीच खोड आहे. हिंदीवाले साढ़े, डेढ़, अढ़ाई म्हणतात तिथे आपण साडे, दीड, अडीच म्हणतो. मामीला ऐकू आलेला शब्द आणि आजीनं उच्चारलेला शब्द सख्खी भावंडंच आहेत, त्यामुळे मामीच्या कानाला दोष देता येत नाही.

अर्थ मात्र वेगळे झाले. हिंदीत कोढ़ हा शब्द हात-पाय बधिर करणाऱ्या रोगाकडे राहिला आणि पांढऱ्या डागांसाठी "सफ़ेद दाग" आलं. मराठीत उलट झालं. कोड पांढऱ्या डागांकडे गेलं आणि दुसऱ्या रोगाला महारोग, रक्तपिती (खेड्यात रगतपिती) ही नावं पडली. गुजरातीचंही आपल्यासारखंच: तिथे कोढ म्हणजे पांढरे डाग, आणि कुष्ठाला रक्तपित्त. दोन अर्थांची ही सीमा विदर्भाच्या उत्तरेनं जाते. पांढुर्णा, सौसर, बालाघाट, गोंदिया या पट्ट्यात घरोघरी दोन्ही भाषा नांदतात. तिथे एकाच ओसरीवर "कोड" दोन अर्थांनी ऐकला जाणं अगदी साहजिक आहे.

आता मूळच्या कुष्ठ शब्दाकडे. आज आपण कुष्ठ म्हटलं की एकच रोग समजतो. चरक-सुश्रुतांच्या काळी तसं नव्हतं. त्यांनी कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. त्यांत दद्रू म्हणजे आपला नायटा-गजकर्ण आहे, पामा म्हणजे खरूज आहे, सिध्म म्हणजे ज्याला आपण शिबे म्हणतो तेही आहेत. एका दाव्याला बांधलेली अठरा ढोरं म्हणा ना! कोणतं ढोर मोठं, यावरही एकमत नाही: चरक सिध्माला महाकुष्ठात घालतो आणि दद्रूला क्षुद्रात, सुश्रुताचं बरोबर उलट. सांगायचं इतकंच की कुष्ठ हे त्वचाविकारांच्या एका मोठ्या वर्गाचं नाव होतं. त्याच्या आधीच्या अथर्ववेदात तर कुष्ठ नावाची ताप उतरवणारी औषधी वनस्पती भेटते!

पांढऱ्या डागांना जुने लोक श्वित्र किंवा किलास म्हणत. चरकानं श्वित्राचा विचार कुष्ठाच्याच अध्यायात, पण शेवटी आणि वेगळा केला आहे, अठरांच्या मोजणीत नाही. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातल्या तेविसाव्या सूक्तात एका काळ्या, रात्री उगवलेल्या वनस्पतीला विनवलं आहे: "इदं रजनि रजय किलासं पलितं च यत्". म्हणजे या किलासाला आणि पलिताला रंगव. पलित म्हणजे पिकलेले केस. आज आपल्याला माहीत आहे की केस पिकणं आणि कोड या दोन्हींत रंग तयार करणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. कारणं वेगळी, पण नुकसान त्याच पेशींचं. सूक्तकर्त्यानं नुसत्या डोळ्यांनी दोन्ही एका ओळीत बसवले, याचं मला दरवेळी नवल वाटतं. त्या "रजय"मधला धातू रञ्ज्, तोच आपल्या "रंग" आणि "रंजकद्रव्य" या शब्दांत आहे.

महारोग आणि रक्तपिती यांचीही कथा अशीच. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात महारोग आठ आहेत: वातव्याधी, मुतखडा, कुष्ठ, प्रमेह, उदर, भगंदर, मूळव्याध, ग्रहणी. मराठीनं त्यांतला एकच ठेवला आणि बाकीचे सात सोडून दिले. आयुर्वेदातलं रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून किंवा अन्य वाटेनं रक्त जाण्याचा विकार. मराठीतली रक्तपिती भलतीच. विदर्भात महारोग हा शब्द नुसता बोलण्यात नाही, संस्थांच्या पाट्यांवरही आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी काम सुरू केलं, त्या संस्थेच्या नावात महारोगी सेवा. बाबा आमट्यांच्या वरोऱ्याच्या समितीच्या नावातही तेच. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं, तिथे कुष्ठरोग आला. पुढे सरकारी कागदांनी हाच शब्द उचलला, आणि कुष्ठ हा संस्कृतातला मोठा वर्ग मराठीत एका रोगापुरता उरला. म्हणून आज "श्वेतकुष्ठ" वाचणाऱ्याला "पांढऱ्या रंगाचा कुष्ठरोग" असंच समजतं. शब्द बनवणाऱ्याच्या मनात जुना, व्यापक अर्थ होता. वाचणाऱ्याच्या मनात नवा, अरुंद. घोळ इथे आहे.

आता रोग दोन कसे, ते जीवशास्त्राकडून ऐकू. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन बनवतात, आणि हे काम टायरोसिनेज नावाचं प्रथिन करतं. बनलेले रंगाचे कण त्या शेजारच्या पेशींना देतात. एक रंगपेशी साधारण ३६ शेजारणींना पुरवते. गोऱ्या माणसात रंगपेशी कमी आणि काळ्यात जास्त, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो कणांचा आकार, प्रमाण आणि मांडणी यांत.

कोडामध्ये शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी या रंगपेशींना परकं समजून मारतात. पेशीच गेली की रंग पूर्ण जातो, म्हणून डाग पांढराशुभ्र. कडा स्पष्ट असतात, स्पर्श मात्र नेहमीसारखा कळतो. कुठलाही जंतू नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करण्याचं काही कारणच नाही. जगात शंभरातल्या साधारण एकाला किंवा त्याहून कमी जणांना हे होतं.

कुष्ठरोगाचं मूळ वेगळं. नॉर्वेच्या हॅन्सननं १८७३ मध्ये त्याचा जंतू पाहिला. हा जंतू मज्जातंतूंभोवती गुंडाळलेल्या श्वान पेशींत (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्रा नव्हे) शिरतो, म्हणून बधिरपणा येतो. तिथल्या रंगपेशींचं काम मंदावतं, पण रंग पूर्ण जात नाही. चट्टा फिकट किंवा लालसर दिसतो, पांढराशुभ्र नाही. आशाताईंना पाठ असलेलं "फिकट, लालसर, बधिर चट्टा" हे वर्णन म्हणूनच नेमकं आहे, आणि "चट्टा" हा शब्दही. डाग आणि चट्टा यांत आपल्या बोलीनं जो भेद ठेवला आहे तो डॉक्टरांच्या कामाचा आहे. एक सावधगिरी: चेहऱ्यावर मज्जातंतूंची दाटी असल्यामुळे तिथला कुष्ठाचा चट्टा बधिर नसूही शकतो. म्हणून ओठाजवळच्या डागाचा निकाल घरी कापूस फिरवून लावू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. कुष्ठ निघालंच, तर १९८१ पासून शिफारस असलेली बहुविध औषधं तिथे फुकट मिळतात, प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने.

या जंतूचा एक हट्ट आहे. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही खाद्यावर तो आजवर वाढलेला नाही, त्याला जिवंत शरीरच लागतं. १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढवता आला, आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या नऊपट्टी आर्माडिलोत. आर्माडिलोचं शरीर आपल्यापेक्षा थंड असतं, आणि हा जंतू गारव्याचा शौकीन. माणसातही तो कानाची पाळी, नाक, हात-पाय असे गार भागच धरतो. आणखी एक मौज अशी की रंगपेशी आणि श्वान पेशी या दोघींचं माहेर एकच. गर्भात पाठीच्या कण्याच्या जागी एक पट्टी असते, तिला मज्जाशिखा म्हणू. दोन्ही तिथूनच निघतात. म्हणजे कोड आणि कुष्ठ हे शब्द जसे एका मुळाचे, तशा त्यांत बाधणाऱ्या पेशीही एका घरच्या.

म्हशीकडे जाताना हीच मज्जाशिखा कामी येते. गर्भात रंगपेशींच्या आया तिथून निघून पाठीवरून पोटाकडे, पायांकडे, कपाळाकडे चालत जातात. कुठे कमी पडल्या किंवा वेळेत पोचल्या नाहीत, तर तो भाग जन्मापासून पांढरा राहतो. कण्यापासून दूरचे भाग म्हणजे कपाळ, पायाचे गुडघ्याखालचे भाग, शेपटीचा गोंडा. नागपुरी म्हशीचं पांढरं नेमकं तिथेच असतं ना? इंडोनेशियातल्या तोराजा भागात कबऱ्या रेड्यांना फार मान आहे. तिथल्या रेड्यांत रंगपेशींचा कारभार पाहणाऱ्या एमआयटीएफ या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडले आहेत. हा रोग नव्हे. आपल्याकडे अशा जनावराला कबरं म्हणतात, कपाळावर ठिपका असेल तर चांद म्हणतात, आणि बैल असेल तर तो चांद्या होतो. हेच शब्द बरोबर. पूर्णेच्या काठची पूर्णाथडी म्हैस तर मुळातच भुरी. तिला कोणी कोड म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

पण काळं जनावर डोळ्यांभोवती हळूहळू भुरकट होऊ लागलं, केसांचा रंग उतरला, तर ती वेगळी गोष्ट. टायरोसिनेजला काम करायला तांबं लागतं. चाऱ्यात तांबं कमी पडलं की रंग फिका पडतो, तेव्हा पशुवैद्याला बोलवावं. गवळाऊ गाईकडे बघून आणखी एक लक्षात येईल: केस पांढरे, खालची कातडी काळी. केसांचा रंग आणि कातडीचा रंग हे दोन वेगळे हिशेब आहेत. ज्या सावळ्या माणसाच्या कोडाच्या डागात केस काळेच राहतात त्याचा रंग परत येण्याची आशा जास्त, कारण केसाच्या मुळाशी रंगपेशींचा साठा शिल्लक असतो.

आजीनं बहुधा पुढचं वाक्यही म्हटलं असेल: "मासोळीवर दूध पेली असन." भंडारा-गोंदियाच्या तलावांकडे मरळ आणि झिंगे रोजचे, तिथे तर ही समजूत पक्की आहे. चरकानं मासे आणि दूध विरुद्ध आहारात घातले, तिथून ती घरोघरी आली. दोन्हींतली प्रथिनं पोटात गेल्यावर पचून अमिनो आम्लं होतात. टायरोसिन दोन्हींत आहे, आणि ते कशातून आलं हे रंगपेशीला कळायला मार्ग नाही. मासे-दुधानं कोड होतं असा पुरावा नाही. डागांवर वाटून लावतात त्या बावची या वनस्पतीचं मात्र तसं नाही. तिच्या बियांत सोरालेन असतं, त्यानं कातडी उन्हाला हळवी होते. याच द्रव्यावर आधारलेले उपचार दवाखान्यात मोजून-मापून देतात. पण बावची वाटून लावली आणि चैत्रातल्या वर्ध्याच्या उन्हात पोरीला बसवलं, तर फोड येतील.

तेव्हा ताई, माझं मत असं. "श्वेतकुष्ठ" हा शब्द बोलण्यातून आणि फलकावरून काढून टाकावा; आज त्याचा अर्थ चुकीचाच लागतो. "कोड" चांगला मराठी शब्द आहे, वर्धा-अमरावतीत निःशंक वापरा. हिंदी कान असलेल्या घरात मात्र "पांढरे डाग" म्हणा, मामीपुढे तर नक्कीच. बधिर चट्ट्याच्या रोगाला "कुष्ठरोग" आणि माणसाला "कुष्ठरुग्ण". "कोडी" आणि "महारोग्या" दोन्ही टाळा. ती माणसाची नावं नव्हेत, शिव्या आहेत.

लिंगाचं राहिलं. प्रमाण मराठीत कोड नपुंसक: कोड झालं, पांढरं कोड, अंगावर कोड उठलं. विदर्भात "कोड झाला" सर्रास ऐकू येतं, त्यात शेजारच्या हिंदीतल्या पुल्लिंगी कोढ़चा हात असावा. लाड या अर्थाचं "कोड" पुरवायचं असतं, तेही नपुंसकच, पण त्याचं मूळ निराळं, प्राकृतातल्या कोड्ड म्हणजे नवल, कौतुक या शब्दाचं. आजीनं "झाला" म्हटलं तर तिची चूक काढू नका. अहवालात "झालं" लिहा.