जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकावं की भाड्याने द्यावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून एक जुनं घर घ्यायचा विचार आहे. बैठकीच्या भिंतीला ओल आहे म्हणून मालक भाव उतरवायला तयार आहे आणि 'रंग मारला की झालं' असं म्हणतोय. आधी त्या ओलीबद्दल बोलू. विकायचं की ठेवायचं याचं निम्मं उत्तर त्या भिंतीतच आहे.

मी आजवर पाच घरं केली, तीन विकली, दोन भाड्याने आहेत. पहिलं घर खिडक्यांवर भाळून घेतलं. भरपूर उजेड, वारा. बैठकीच्या तीन भिंती मळकट आणि एकीलाच ताजा रंग, हे डोळ्यांना दिसलं होतं. डोक्यात शिरलं नाही. आम्हीही त्यावर पुट्टी आणि रंगाचे दोन हात दिले. पहिल्याच मोठ्या पावसात पोपडे सुटले, म्हणून पाणी वरून येतंय असं धरून गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर पैसे घातले. पाऊस संपला, ओल तशीच. खरा गुन्हेगार निघाला भिंतीपलीकडच्या बाथरूममध्ये फरशीखाली झिरपणारा पाइप. त्या बाथरूमला नव्या टाइल्स मीच बसवून घेतल्या होत्या, दोन महिन्यांपूर्वी. त्याच फोडाव्या लागल्या.

म्हणून आता भाव ठरवण्याआधी एक साधी गोष्ट करतो. ओल्या जागेवर हातभर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावतो आणि एक-दोन दिवसांनी बघतो. थेंब कागदाच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील, तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतोय, आणि त्यावरचा उपाय बराच स्वस्त असतो. ओल जमिनीपासून गुडघा-कमरेपर्यंत चढलेली आणि पांढरा लोणा लागलेला असेल, तर पाया पाणी ओढतोय असा संशय घ्यायचा. छताखाली गोल डाग असेल तर वरच्या बाथरूमची किंवा गच्चीची चौकशी. मालक तयार असेल तर बाथरूमची जाळी बंद करून २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालून बघा. मालकाने याला आढेवेढे घेतले तर तेही उत्तरच.

आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या घरात मी ओलीला जास्त घाबरतो. चांगलं काँक्रीट सळईला गंजू देत नाही, कारण ते खूप अल्कधर्मी असतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की हा गुण कमी होत जातो, त्यात पाणी मिळालं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, म्हणून तो स्लॅबचे तुकडे आतून ढकलून पाडतो. छताला सळईच्या रेषेत चिरा दिसल्या, किंवा काठीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर गवंड्याचं मत पुरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी भरा. त्या फीने मला एकदा एक घर सोडायला लावलं. या धंद्यातला माझा सगळ्यात फायद्याचा खर्च तोच.

आता हिशेब. दुरुस्तीनंतर घर १०० ला विकलं जाईल असं समजा (रुपये, लाख, काहीही धरा). घेतलं ६५ ला, खरेदीचा खर्च ५, काम १२. झाले ८२. विकताना दलाली वगैरे ३ गेले की हातात १५ उरतात असं वाटतं. पण ६० कर्जाचे असतील आणि व्याज १२ टक्के असेल, तर महिन्याला ०.६ व्याज, वर ०.२ कर, वीज, देखभाल. सहा महिन्यांत ४.८ गेले. उरले १०.२.

आता काम १२ चं १५ झालं, विक्री १०० ऐवजी ९५ ला झाली आणि सहाचे बारा महिने लागले असं धरा. ३, ५ आणि ४.८ वजा करा: २.६ चा तोटा, आणि तुमचे स्वतःचे घातलेले २२ च होते. या तिन्हींपैकी एकही गोष्ट जगावेगळी नाही. माझ्या बाबतीत तिन्ही एकाच घरात झाल्यात. भिंत ओली असेल तर त्या तिन्ही एकदम होतात: तोडफोड वाढते, वाळायला वेळ जातो आणि गिऱ्हाइकाला डाग दिसतोच.

विकण्यासाठी घर घेणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: दुरुस्तीनंतरच्या किमतीचे ७० टक्के काढायचे, त्यातून कामाचा खर्च वजा करायचा, त्यापेक्षा जास्त द्यायचं नाही. वरच्या उदाहरणात तो आकडा ५८ येतो, ६५ नाही. बऱ्याच ठिकाणी या भावात घर मिळतच नाही. मग ते विकण्यासाठी घेण्याचं घर नव्हे, एवढंच. आणि ती १०० ची किंमत जाहिरातींवरून काढू नका. त्याच गल्लीत प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाले ते शोधा.

भाड्याचं गणित वेगळं आहे, तिथे लोक स्वतःलाच फसवतात. भाडं गुणिले बारा, भागिले किंमत, आणि खूश. पण घर वर्षातून एक महिना रिकामं राहिलं तरी ८ टक्क्यांच्या वर भाडं गेलं. कर, देखभाल, दोन भाडेकरूंमधला रंग, बिघडलेला पंप, हे सगळं धरून मी भाड्याचा निम्मा भागच माझा समजतो, आणि हप्ता त्या निम्म्यातून भागतो का ते बघतो. नाही भागला तर घराला मी पोसणार, घर मला नाही.

कामाचा प्रकारही दोन्हीकडे सारखा नसतो. विकायच्या घरात बघायला आलेला माणूस पाव तास थांबतो. त्याला उजेड, वास, स्वयंपाकघर, बाथरूम, दार नीट लागतं का, एवढंच कळतं. गल्लीत सगळ्यात भारी घर करून ठेवलंत तर त्या जादा पैशांना कुणी विचारत नाही. भाड्याच्या घरात शोभेपेक्षा टिकाऊपणा बघा. सगळे नळ एकाच बनावटीचे, प्रत्येक बाथरूमला बाहेरून बंद करता येईल असा वेगळा व्हॉल्व्ह, सगळ्या घराला एकच रंग आणि त्याचा नंबर लिहून ठेवलेला. टाइल्सची एक-दोन खोकी त्याच लॉटमधली जास्तीची घेऊन माळ्यावर टाका, पुढच्या वर्षी तीच छटा मिळत नाही. आणि गिलावा करण्याआधी उघड्या भिंतींचे, मोजायची टेप लावून, फोटो काढा. पाइप आणि वायर कुठून गेली हे तीन वर्षांनी तुम्हाला आठवणार नाही, ड्रिल मारणाऱ्याला तर नाहीच.

कंत्राटदाराबद्दल थोडक्यात. पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या, तारखांवर नाही, आणि शेवटचे १० टक्के बारीकसारीक त्रुटी निघेपर्यंत हातात ठेवा. अंदाजपत्रकावर २० टक्के वेगळे ठेवा, आणि हे बायकोला, नवऱ्याला, बँकेला आधीच सांगून ठेवा. पाइप बंद करण्याआधी दाबाची चाचणी तुमच्यासमोर होऊ द्या. नव्या सिमेंट गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारलं जाऊ द्या आणि रंगाआधी महिनाभर वाळू द्या. कंत्राटदार घाई करेल, तुम्हीही कराल. व्याज चालू असतं ना.

तर तुमचं घर. तुम्ही नोकरी करता, रोज साइटवर जाऊ शकणार नाही, म्हणजे काम लांबणार हे धरून चला. त्यामुळे पहिल्याच घरात विकण्याचा जुगार मी तरी करणार नाही. भाड्याच्या निम्म्यात हप्ता भागत असेल तर भाड्याचं गणित धरून घ्या. पुढेमागे भाव आला तर विकता येईलच. कागदपत्रं वकिलाला दाखवा. पण त्याच्याही आधी मालकाला विचारून या शनिवारी तो प्लॅस्टिकचा कागद लावून या, आणि थेंब कुठल्या बाजूला आले ते इथेच कॉमेंटमध्ये लिहा. मग भाव किती पाडायचा ते बघू.