घरात कोणी वकील नसताना वकिलीत कसं यायचं? मार्गदर्शन कुठे मिळेल?

तू लिहिलंयस की बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे, तालुक्याच्या गावी राहतेस, नात्यागोत्यात कोणी वकील नाही, आणि पुण्यातल्या एका करिअर समुपदेशकाने फी घेऊन सांगितलं की "बॅकग्राउंड नसेल तर वकिलीत पडू नका". मी इथे वाचते जास्त, लिहीत नाही. पण तो 'बॅकग्राउंड' शब्द वाचला आणि राहवलं नाही. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. २०१२ ला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली. वडील शेतकरी, आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्या सात पिढ्यांत कोर्टाची पायरी चढले ते पक्षकार म्हणूनच.

आधी तुझ्या प्रश्नाचं बघू. पदवी होतेच आहे, तर तीन वर्षांचं एलएलबी कर. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आता डोक्यातून काढ. राज्याची लॉ सीईटी दे. पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के लागतात. क्लास लावू नकोस, मागचे पेपर सोडव, पुरतं. कॉलेज शक्यतो असं बघ जिथून सकाळचे तास उरकून दुपारी कोर्टात जाऊन बसता येईल. मग सनद, मग ऑल इंडिया बार एक्झाम. त्या परीक्षेला बेअर अॅक्ट, म्हणजे टीपा नसलेलं कायद्याचं नुसतं पुस्तक, सोबत नेता येतो, तिला घाबरायचं कारण नाही. सनदेसाठी पूर्वी राज्योराज्यी हजारोंनी पैसे घेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं की अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये लिहिलंय तेवढंच घ्या: खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. कुणी जास्त मागितले तर हा निकाल दाखव.

खरी अडचण सनद हातात आल्यावर सुरू होते. तुझ्या वर्गातली मुलं सीएची आर्टिकलशिप करत असतील. त्यांना किती वर्षं कुणाच्या हाताखाली काढायची ते ठरलेलं असतं आणि किमान विद्यावेतनही ठरलेलं असतं. वकिलाचं तसं काही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने १९९५ मध्ये एक वर्षाची उमेदवारी सक्तीची करणारा नियम केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केला. त्यामुळे सनद मिळाली आणि ती बार एक्झाम पास झालीस की तू कायद्याने पूर्ण वकील. प्रत्यक्षात मात्र तुला साधा मुदतीचा अर्जही लिहिता येत नसतो. ते शिकायचं सिनिअरच्या ऑफिसात, सिनिअरच्या मर्जीवर.

मी रुजू झाले ते गावातल्या नामांकित दिवाणी वकिलांकडे. नाव घेत नाही. सकाळी आठच्या एसटीने यायचं, ऑफिस उघडायचं, लोखंडी कपाटातून त्या दिवशीच्या बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशी कोर्टापुढे असलेल्या कामांच्या, फायली काढायच्या, डायरी बघून प्रत्येकीवर पेन्सिलने टप्पा लिहायचा: कैफियत, मुद्दे, सरतपास, नि. ५ वर (निशाणी पाच, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) म्हणणे. अकराला कोर्ट. पुकारा झाला की उभं राहून तारीख घ्यायची, पुरसिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) द्यायची, दुपारी नकलांच्या खिडकीशी रांग. संध्याकाळी परत ऑफिस, साडेसातची शेवटची एसटी. असं एक वर्ष सात महिने. पैसे एक रुपया नाही. दिवाळीला एक साडी मिळाली. अठ्ठावीस किलोमीटरचा पास आई तिच्या मानधनातून काढून द्यायची.

२०१३ चा पावसाळा. बांधाच्या भांडणातला मनाईचा दावा होता, आम्ही वादीकडून. प्रतिवादी मोजणीच्या नकाशावर बोट ठेवून म्हणत होता की चार गुंठे माझेच, आणि त्याने पायाही खोदायला घेतला होता. सर सोलापूरला जिल्हा कोर्टात अडकले होते. मला निरोप एवढाच की तारीख घे. मी उठून तारीख मागितली. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश साहेब म्हणाले, "निशाणी पाच किती दिवस ठेवायचं? तुम्ही आहात ना, करा युक्तिवाद."

फाईल मी आदल्या रात्री वाचलेली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मोजणीच्या कागदांत लगतच्या खातेदारांना दिलेल्या नोटिशीची पोच होती. आमच्या वादीच्या नावापुढे डाव्या हाताचा अंगठा. आणि आमचे वादी सातवी शिकलेले, वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) त्यांची ठसठशीत सही, शेवटच्या अक्षराला खाली ओढलेला फराटा. हे माझ्या डोळ्यांत भरलं कारण आमच्या स्वतःच्या रानाची मोजणी झाली तेव्हा नोटिशीवर सही करताना मी वडिलांच्या शेजारी उभी होते. मी साहेबांना वकालतनामा उघडायची विनंती केली, मग पोच. त्यांनी दोन्ही पानं समोरासमोर धरली आणि समोरच्या वकिलांना विचारलं, "हा अंगठा कुणाचा?" उत्तर आलं नाही. तूर्तातूर्त मनाई मंजूर झाली.

वडिलोपार्जित वकिली असती तर मला तो अंगठा दिसला असता का, हे मला त्या समुपदेशकाला विचारायचंय.

दुसऱ्या दिवशी पक्षकार आले, फीचं पाकीट सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पोरीनं काम केलं." सरांनी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, सर, निदान एसटीच्या पासचे तरी द्याल का? ते म्हणाले, "मी तुला शिकवतो, त्याचे पैसे मागितले का मी? आमच्या वेळी आम्ही सिनिअरच्या घरची भाजी आणून दिली." मला तेव्हा बोलता आलं नाही. महिनाअखेर मी ते ऑफिस सोडलं.

आज बोलता येतं. नकलेचा अर्ज कसा करायचा हे मी पहिल्या आठवड्यात शिकले. पुढची दीड वर्षं त्या खिडकीशी उभी राहिले ते शिकणं नव्हतं, काम होतं, आणि कामाचे पैसे द्यायचे असतात. माझ्याआधी त्या ऑफिसात दोन मुली होत्या. एक पतसंस्थेत लागली, दुसरीने बी.एड. केलं. दोघी माझ्यापेक्षा हुशार. बॅकग्राउंड म्हणतात ते हेच: दोन-तीन वर्षं एक पैसा न मिळवता ज्याचं घर त्याला जेवू घालू शकतं तो टिकतो. ओळखीपाळखी, आडनाव, कपाटातली जुनी पुस्तकं हे सगळं त्यानंतरचं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. शिफारसच आहे, सक्ती नाही. आमच्या बाररूममध्ये ते वाचून दाखवलं तेव्हा ज्येष्ठ मंडळी म्हणाली, मग ज्युनिअर ठेवणंच बंद करू. मी तिथेच सांगितलं की करा बंद, सकाळी कपाट स्वतः उघडा. त्यानंतर दोघे-तिघे माझ्याशी बोलत नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अटही पुन्हा आणली. त्या वकिलीचा दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागणार. अनुभव असावा हे मलाही पटतं. पण ती तीन वर्षं गरिबाच्या पोराने खायचं काय, हे ठरवल्याशिवाय घातलेली अट त्याच पोराला बाहेर ठेवते.

म्हणून कॉलेज निवडायला जेवढा वेळ घालवशील त्याच्या दुप्पट सिनिअर निवडायला घाल. समुपदेशकाकडे परत जाऊ नकोस. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. उन्हाळी सुट्टीआधी आठवडाभर तुझ्या तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून बघ. कोणता वकील फाईल वाचून येतो, कोण ज्युनिअरला फक्त तारखेला उभं करतो आणि कोण साक्षीदाराला प्रश्न विचारू देतो, हे चार दिवसांत कळतं. तालुका विधी सेवा समितीत जाऊन समांतर विधी सहायक, म्हणजे लोकांना कायद्याची मदत मिळवून देणारा स्वयंसेवक, म्हणून नाव नोंदवता येतं का ते विचार. विद्यार्थ्यांनाही घेतात, कामाच्या दिवसाचं मानधन असतं आणि पक्षकाराशी बोलायची सवय लागते. सनदेनंतर फौजदारीत जायचं असेल तर जिल्ह्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या (वकील न परवडणाऱ्या आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या कार्यालयातल्या) सहायक पदांकडे लक्ष ठेव. तिथे नव्या वकिलांना दरमहा ठरलेले पैसे मिळतात. तुझा जिल्हा लिहिला नाहीस. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांपैकी असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापूरला आहे, अपिलाच्या कामाला मुंबई गाठायची गरज नाही. इंग्रजी तेवढ्यासाठी लागेल. तालुक्याला दावा, कैफियत, जबाब सगळं मराठीत चालतं.

दोन गोष्टी राहिल्या. त्या सरांची उलटतपासणी मी अजून आठवते. साक्षीदाराला रागवायचे नाहीत, गोड बोलत कागदापाशी आणून सोडायचे. ते मी त्यांच्याकडूनच उचललं, आणि ते नाकारणं खोटेपणा होईल. दुसरं असं की तालुक्याला पंधरा हजार देणं खरंच अवघड आहे. पक्षकार ऊस गेल्यावर फी देतो. माझ्याकडे एक ज्युनिअर आहे, तिला मी सात हजार आणि एसटीचा पास देते. कमी आहे, मला माहीत आहे, पुढच्या वर्षी वाढवायचेत. सीईटीचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेवढं सीईटी सेलच्या संकेतस्थळावर बघून घे.

आणि सिनिअरकडे पहिल्यांदा जाशील तेव्हा, निघायच्या आधी, महिन्याला किती देणार ते विचार. माझ्याकडच्या मुलीने पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मी आकडा सांगितला, तिने तो माझ्यासमोर वहीत तारीख घालून लिहून घेतला.